तेहतीस इंचाचं पाऊल

१ फेब्रुवारी १९५६. पाथरी.

आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

कचेरीत हुकूम आला. धामणटाकळीला नवा तलाव होतोय. त्यात जी रानं बुडणार त्यांची मोजणी पावसाळ्याआधी संपवायची. ज्याची जेवढी बुडेल तेवढीच जमीन त्याला वरच्या अंगाला मिळणार. ओढ्याच्या अलीकडची रानं माझ्याकडं, पलीकडची चंद्रभानकडं. चंद्रभान माझ्याहून आठ वर्षांनी लहान, डोकं बेताचं. साखळी ओढत मोजतो.

साहेबांनी दोघांना उभं करून सांगितलं की हैदराबाद राज्य यंदा मोडणार. त्याआधी कायम नोकरांची यादी वर जाईल. आमच्या कचेरीतून एकच नाव. राहिलेला नव्या सरकारच्या मर्जीवर. मी सात वर्षं टेंपररी आहे. आता कायम होणार. झालोच.

२ फेब्रुवारी.

साखळी तेहतीस फुटांची. माझं पाऊल तेहतीस इंचांचं. बारा पावलांत बरोबर एक साखळी. एकोणपन्नास साली जुन्या साहेबांनी व्हरांड्यात खडूनं रेघ ओढून स्वतः तपासलं होतं आणि वाहवा, व्यंकटराव, म्हणाले होते. तालुक्यात असं पाऊल दुसरं नाही.

निश्चय: साखळी कचेरीतच ठेवायची. साखळीला दोन माणसं लागतात आणि ती सारखी विड्या ओढत बसतात. माझ्या पायाला काही लागत नाही.

संध्याकाळी उंबऱ्याची ठेच लागली. उजवा अंगठा. कमलला विचारलं, उंबरा एवढा वर कसा आला. म्हणे सात वर्षं तेवढाच आहे. बायकोनं प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

९ फेब्रुवारी.

पहिलं रान मोजलं. भिवराबाई धनगरीण, विधवा, चाळीसेक मेंढरं आणि एवढं एकच रान. सकाळी सातला सुरू, आठला खलास. थंडी मस्त होती. तीन एकर पाच गुंठे भरलं. जुन्या कागदात तीन एकर सहा. म्हणजे जुना कागद चुकला.

चंद्रभान आज अर्धं रानसुद्धा पुरं करू शकला नाही. बिचारा.

१८ फेब्रुवारी.

उजवी चप्पल पुढच्या टोकाला झिजून बोट बाहेर आलं. डावी अजून कोरी. लिंबाजीला, म्हणजे जोडे शिवतो त्याला, झापलं की एका जोडीत दोन प्रकारचं कातडं घातलंस. तो माझ्या पायाकडं बघत म्हणाला, सायेब, कातडं एकच हाय, पाय दोन हायत. हल्ली कोणाला बोलायची रीत उरली नाही.

सायकलच्या पायडलवरून उजवा पाय सारखा खाली घसरतो. पायडल बदललं. नवंही तसलंच निघालं. सायकल विकून टाकावी. मोजणी करणाऱ्यानं चालावं.

५ मार्च.

आज एक शोध लागला.

ग्यानबाचं रान. बोलका, लाघवी गडी. सकाळी मोजलं, चार एकर एक गुंठा. मग त्यानं जेवायला धरून ठेवलं. जेवून कागद बघतो तर आकड्यावर कालवण सांडलेलं. पुन्हा मोजलं. भर दुपार. चार एकर तेहतीस गुंठे!

बांध तेच, दगड तेच. मग बत्तीस गुंठे आले कुठून?

ग्यानबा बांधावर उभा राहून माझ्याकडं बघत होता. म्हणाला, सायेब, दुसऱ्या वक्ताचंच लिवा. दुसरी मोजणी नेहमी पक्की असते. तेच लिहिलं.

६ मार्च.

रात्रभर विचार केला. उलगडा झाला. उन्हात लोखंड वाढतं हे शाळेत शिकवतात. मग जमीन का वाढू नये? सकाळी दवानं आकसलेली असते, दुपारी तापून पसरते. एवढी साधी गोष्ट निजामाच्या दोनशे वर्षांत एकाही अंमलदाराच्या डोक्यात आली नाही.

निश्चय: टिपण तयार करून साहेबांना सादर करायचं. मथळा, 'उष्णतेमुळे होणारी क्षेत्रवृद्धी'.

मान खाली घालून लिहायला बसलं की मानेपासून पाठीतून खाली सणक जाते, वीज शिरल्यासारखी. म्हणून मान खाली घालायची नाही. तसाही माझा स्वभाव नाही.

१९ मार्च.

गावात माझ्याबद्दल प्रेम वाढत चाललंय. सगळ्यांना मीच पाहिजे. ओढ्यापलीकडचे चंद्रभानला चुकवून माझ्याकडं येतात आणि आमचंबी तुमीच मोजा म्हणून पाया पडतात. मात्र एक बघितलं, सकाळी कोणी मोकळा नसतो. कोणाचा बैल हरवलेला, कोणाची म्हैस व्यायलेली. बाराच्या पुढं सगळे हजर. आधी आग्रहानं जेवण. गरम गरम वरण, वर ठेचा. मग गाव दाखवतात. आज मारुती, मसोबा आणि माळावरची विहीर दाखवली. विहिरीत पाणी नाही. चालून चालून दीड तास गेला, मग रानावर.

ग्यानबानं गाडी पाठवली होती, पण वेशीपर्यंतच. तिथून पुढं पायी. म्हणाला, सायबाच्या पायाची धूळ रानाला लागली पायजे. अशी माणसं शहरात मिळणार नाहीत.

आजचं रान कागदापेक्षा तीस गुंठे जास्त. शास्त्र खरं ठरतंय.

२ एप्रिल.

कचेरीच्या व्हरांड्यात पडलो. सगळ्यांदेखत. फरशी उकललेली आहे. चंद्रभान धावत आला, उचलायला लागला. मी त्याचा हात झटकला. नंतर फरशी बघितली तर सपाट. पण उकलायला लागली असणार.

कमल म्हणते, तुमी पाय उचलता तेव्हा गुडघा वर येतो आणि पंजा खालीच लोंबतो, टाकताना फट्‌ असा आवाज येतो. अंधारातसुद्धा तुम्ही आलात ते कळतं म्हणे. मी म्हटलं, नवऱ्याचं पाऊल ओळखू यायलाच पाहिजे. ती हसली नाही.

८ एप्रिल. परभणी.

कमलच्या हट्टापायी भुजंगराव डॉक्टरांकडं. हैदराबादेत शिकून आलेला माणूस, फी आधी घेतो. तळव्यावर किल्ली ओढली, गुडघ्यावर हातोडी मारली. पंजा वर उचला म्हणाला. मी उचलला. तो म्हणाला, उचला ना. मी म्हटलं, उचललाय. तो आणि कमल दोघं खाली बघत होते.

मग नाही नाही ते विचारलं. आंघोळीला गरम पाणी घेतल्यावर पाय जास्त जड होतो का? होतो, कारण पाणी जड आहे. पूर्वी कधी डोळ्याला झालं होतं का? बावन्न साली डावा डोळा महिनाभर धूसर झाला होता. ते शिकस्ता, म्हणजे घाईनं मोडून लिहिलेल्या, उर्दूची दप्तरं वाचून. आपोआप बरा झाला. डॉक्टर कमलकडं बघून मान हलवत होता. रोगी मी, मान तिच्याकडं.

म्हणतो, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतून पायापर्यंत ज्या तारा जातात त्यांच्यावरचं आवरण जागोजागी झिजलंय. वरून हुकूम निघतो, खाली पंजापर्यंत पोचत नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मी सात वर्षं हैदराबाद सरकारची नोकरी केली, हुकूम वरून निघून खाली न पोचणं हा रोग नाही, कारभार आहे. तो हसला नाही. आजचे डॉक्टर.

औषध नाही म्हणाला. मग फी कशाची? तर सल्ल्याची: ऊन टाळा. काम सकाळच्या गारव्यात करा. दमण्याआधी थांबा. दमलात किंवा तापलात की पंजा जास्त पडणार, पावलं आखूड होणार. पोटरीपासून चपलेच्या टोकाला चामड्याचा पट्टा बांधा, म्हणजे बोटं वर राहतील. हातात काठी घ्या. दिवसातून दोनदा टॉवेल पंज्यात अडकवून स्वतःकडं ओढा, नाहीतर टाच आखडेल.

परतताना कमल बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली होती. डोळ्यात धूळ गेली असणार.

निश्चय: पाय अशक्त झालाय तो सावलीत बसून. उद्यापासून रोज भर उन्हात चार मैल.

१३ एप्रिल.

चार मैलांपैकी एक झाला. येताना टांगा.

१६ एप्रिल.

कमलनं मला न विचारता लिंबाजीकडून पट्टा करून आणला. पोटरीला एक कडं, त्यातून पुढं वादी, वादी चपलेच्या अंगठ्याला. बैलाला वेसण घालतात तसं. मी म्हटलं, मी मोजणीदार आहे, बैल नाही. ती म्हणाली, मी साखळीचं एक टोक धरायला येते, तुमी बसून दुसरं धरा, कोणी हसलं तर हसू द्या. कायम होऊ बघणाऱ्या नोकराची बायको रानात साखळी ओढणार! आज मी तिच्याशी बोललो नाही. उद्याही बोलणार नाही.

२० एप्रिल.

पट्टा घातला. फक्त तिचं तोंड बंद व्हावं म्हणून.

खरं लिहितो, कारण वाचणारा मीच. उंबऱ्याला ठेच लागली नाही. आवाज नाही. पाय जिथं टाकायचा तिथंच पडला. लिंबाजी दारात उभा होता, म्हणाला, आता कसं दोनी पाय एकाच सायबाचे वाटायलेत. चार आणे जास्त दिले.

२७ एप्रिल.

आठवडाभर पट्टा. गावात काहीतरी बिनसलंय.

मुंजाजीचं, म्हणजे ग्यानबाच्या धाकट्या भावाचं रान भर दुपारी मोजलं. कागदाबरहुकूम निघालं, एक गुंठा वाढला नाही. मुंजाजी माझ्या पायाकडं बघत राहिला आणि जेवण झालं नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेच. गाडी आली नाही. मारुती दाखवला नाही. ग्यानबा रस्त्यात भेटला, रामराम केला नाही, नुसतं म्हणाला, सायेब, ते पायाला काय बांधलंय, शोभत न्हाई बगा. तुमी कशे वाघावानी चालत होता.

माझं शास्त्रही आठवडाभर लागू पडलं नाही. आभाळ नव्हतं, ऊन कडक होतं, तरी जमीन वाढली नाही.

विचारान्ती कळलं. पट्टा अपशकुनी आहे.

२८ एप्रिल.

पट्टा माळ्यावर टाकला. कमलनं विचारलं, डॉक्टरांचं ऐकायचं का ग्यानबाचं? मी म्हटलं, डॉक्टरनं फी घेऊन वाघ म्हटलं नाही.

ग्यानबाकडं पुरणपोळी.

१४ मे.

उन्हाळा ऐन भरात आणि माझं कामही. दिवसाला दोन रानं. वाढ एकरी नऊ गुंठ्यांवर गेली. दोनदा पडलो, पण ढेकळात, लागलं नाही. पोरं मागं येतात. ती माझ्यासारखं चालतात. लहानपणी थोरांचं अनुकरण करावंच.

भिवराबाई आली होती, बांधावर बसून राहिली. म्हणाली, सायेब, माजं रान तुमी फेब्रुवारीत सकाळी मोजलं. सगळ्यांचं दुपारी मोजायलाव. माजंबी एकदा दुपारी मोजा. गरिबावर दया करा.

मी तिला शास्त्र समजावलं. त्यावर ती म्हणते, उन्हात काळी माती आकसती सायेब, हातहात भेगा पडत्यात, मेंढराचा पाय जातो आत. अडाण्याशी बोलायचं म्हणजे हे. मी विचारलं, भेगा का पडतात? जमीन वाढते, जागा पुरत नाही, मग फुटते. एकदा मोजलेलं रान पुन्हा मोजायचा रूल नाही, असं सांगून तिला घालवलं. ती जाताना वळून म्हणाली, तुमाला ठाव हाय का न्हाई, हेच कळंना बया.

काय ठाऊक आहे ते तिनं सांगितलं नाही.

९ जून.

मोजणी संपली. चंद्रभानची अजून सहा रानं बाकी. बेरीज केली. माझ्या भागात जुन्या कागदाप्रमाणे दोनशे बारा एकर. माझ्या मोजणीप्रमाणे दोनशे एकोणपन्नास.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी रिपोर्टात स्वच्छ लिहिलं की मागच्या राजवटीत सदतीस एकर जमीन सरकारच्या नजरेतून सुटली होती, ती मी शोधून काढली. सोबत क्षेत्रवृद्धीचं टिपण जोडलं. सही करताना हात थोडा कापला. आनंदानं.

३ ऑगस्ट.

साहेबांनी बोलावलं. टिपण वाचलं म्हणाले. दोनदा वाचलं म्हणाले. मग बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मोठ्या माणसांना कौतुक बोलून दाखवता येत नाही.

माझा भाग चंद्रभान साखळीनं पुन्हा तपासणार आहे. चांगलं झालं. पावसात जमीन आकसलेली असणार, त्याचं त्यालाच कळेल.

२२ सप्टेंबर.

चंद्रभानचे आकडे: दोनशे बारा एकर तीन गुंठे.

माझ्यावर चौकशी. लाच घेऊन रानं फुगवली असा संशय. मी! आठ महिन्यांत एक पोळी आणि ठेचा सोडून गावाचं काही खाल्लं नाही. (पुरणपोळ्या वेगळ्या. आणि दोन कोंबड्या.)

घाबरायचं कारण नाही. सगळा गाव माझ्या बाजूनं साक्ष देईल.

११ ऑक्टोबर. धामणटाकळी.

दिली.

लिहायला नको वाटतं. पण लिहितो.

चावडीत चौकशी. साहेब, चंद्रभान, मी आणि गाव. साहेबांनी विचारलं, मोजणीदाराला काय दिलं? गाव एका तोंडानं म्हणालं, कायबी न्हाई. मी साहेबांकडं बघितलं, बघा म्हणून. मग साहेबांनी दम भरला की सरकारची फसवणूक कोणी केली ते सांगा, नाहीतर सगळ्या गावावर खटला भरतो.

ग्यानबा उठला. हात जोडून म्हणाला, फसवनूक कुनी केली न्हाई सायेब. सायेब असेच चालत्यात. आमी समजलो त्यांना ठाव हाय. गरिबावर मेहरबानी करायलेत.

साहेब म्हणाले, असेच म्हणजे कसे?

ग्यानबानं धोतर खोचलं आणि चावडीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला. ताठ, लांब टांगा. म्हणाला, हे सकाळचं. मग परत फिरला. उजवा गुडघा पोटापर्यंत वर, पंजा ओल्या फडक्यासारखा लोंबलेला, आणि टेकताना फट्‌. बोटं जमिनीवर घासत. पुन्हा गुडघा वर, पुन्हा फट्‌. तोंड मात्र वर, छाती पुढं, हात मागं बांधलेले. लोक फुटले हसून.

कोणाची नक्कल करतोय ते मला आधी कळेना. फार हुबेहूब करत होता. मीही हसलो.

मग बघितलं की सगळे माझ्याकडं बघून हसतायत.

साहेबांनी तोंडासमोर फाईल धरली. फाईल हलत होती. नंतर चंद्रभानला म्हणाले, याचं पाऊल मोज. चंद्रभाननं चावडीत साखळी टाकली. माझ्याकडं बघायचं टाळत होता. ग्यानबाचं सकाळचं पाऊल तेहतीस इंच. दुपारचं तीस. साहेबांनी पाटीवर गणित मांडलं. बत्तीस गुंठ्यांचा हिशोब एकदोन गुंठ्यांच्या फरकानं बरोबर आला. मग दुसरे चार जण उठले आणि त्यांनीही चालून दाखवलं, एकानं एप्रिलचं, एकानं मे महिन्याचं. मुंजाजीनं पट्ट्याचा आठवडा दाखवला, त्याला कोणी हसलं नाही, कारण त्यात काही नव्हतं. माणूस नुसता चालत होता.

साहेबांनी निकाल सांगितला. लाचेचा आरोप निराधार. मी निर्दोष. पट्ट्याचा आठवडा सोडला तर एकच मोजणी बरोबर, भिवराबाईची. सरकारी डॉक्टरनं माझी तपासणी करावी.

माझी मान खाली गेली. ती सणक पाठीतून टाचेपर्यंत गेली. मला उठता येईना. दुपार होती, चावडी तापलेली, आणि पाय माझा नव्हताच. ग्यानबाकडं हात केला. तो साहेबांच्या मागं मागं गाडीपर्यंत गेला होता.

भिवराबाईनं काखेत हात घालून उभं केलं. मेंढराला उचलतात तसं, एका हिसक्यात. मी म्हटलं, तुझं रान दुपारी मोजायला पाहिजे होतं. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या. कळपातलं मेंढरू लंगडाया लागलं तर आमी खांद्यावर घेतो, न्हाई तर बाजारी इकतो. सायबाचं काय करत्यात ते मला ठाव न्हाई.

ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर चालली. कोणी हसलं की दगड उचलायची.

१५ ऑक्टोबर.

घरी. कमलला काही सांगितलं नाही. तिनं माळ्यावरून पट्टा काढला, तेल लावून मऊ केला, माझ्या पायाशी बसून बांधला. वादी ओढताना माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटतं मी रडलो. वाचणारा मीच आहे, तरी हे खोडावं का याचा विचार चालू आहे.

१ नोव्हेंबर, गुरुवार.

हैदराबाद संपलं. आपण मुंबई राज्यात. कचेरीवर पताका, पेढे. चंद्रभान कायम.

माझा शेरा आला: कामास अपात्र. डॉक्टरांनी एका ओळीत आटोपलं. सात वर्षं, एक ओळ.

चंद्रभान पेढे घेऊन घरी आला होता. अवघडून बसला. म्हणाला, साखळीचं एक टोक एका जागी धरून ठेवायला माणूस लागतो, रोजंदारीवर. बसून धरलं तरी चालेल. तो मनापासून म्हणत होता, तेच वाईट. मी म्हटलं, मी साखळीला हात लावत नाही. पेढा मात्र खाल्ला.

कमलनं शेजारणीचं शिवण घ्यायला सुरुवात केली आहे. वेळ जात नाही म्हणते.

निश्चय: डॉक्टर म्हणतो तेच करायचं. टॉवेल दोनदा, काठी, सकाळीच चालणं, सावली. वर्षात पाय ठीक. नव्या सरकारला अर्ज. मुंबईवाल्यांना पावलाची किंमत असेल.

१९ नोव्हेंबर.

टॉवेल दोनदाचा एकदा झाला. आता डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. थंडीमुळं.

२५ नोव्हेंबर.

ग्यानबा आला. चावडीनंतर पहिल्यांदाच. मला वाटलं माफी मागायला. कमल चहा द्यायला तयार नव्हती, मी द्यायला लावला.

वरच्या अंगाला दोघा भावांना मिळून नवी जमीन मिळाली आहे, तिची वाटणी करायची. साखळी आणली तर दोघांना सारखीच येईल म्हणाला. तेव्हा मी पावलांनी करून द्यावी. दोघांना पावलं सारखीच टाकायची, म्हणजे मुंजाजीला बोलायला जागा नाही. फक्त ग्यानबाचा वाटा सकाळी, पट्टा बांधून. मुंजाजीचा दुपारी, जेवल्यावर, पट्टा सोडून.

मी म्हटलं, ही लबाडी आहे. ग्यानबा, मी सरकारी माणूस होतो.

तो म्हणाला, म्हनून तर आलो. मुंजाजी दुपारी बाजारात असतो, आन् तुमच्या पट्ट्याच्या पावलाचा त्याला लय भरोसा हाय, सायेब.

महिनाभरात मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

मी थोडा वेळ घेतला. लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. मग मंगळवार ठरवला. सकाळी सहाला गाडी पाठवतो म्हणाला, आणि या वेळी थेट रानापर्यंत. कमलनं आतून दारात येऊन विचारलं, आणि यांना परत आणायला? ग्यानबा जोडे घालत म्हणाला, येतानाचं येताना बगू.

मी कमलला डोळ्यांनीच आत जायला सांगितलं. असल्या बारीकसारीक गोष्टींवरून गिऱ्हाईक तुटतं.